खळ्यातला पातेरा

"त्या खराट्याला हात लावू नको," आबा ओटीवरून ओरडले.

मी अजून पायांतल्या चपलाही काढल्या नव्हत्या. चिपळूणहून निघालेल्या एसटीने हाडं खिळखिळी करून मला फाट्यावर सोडलं होतं. तिथून चढण चढून मी माहेरच्या दगडी गडग्याच्या आत शिरले आणि पोटऱ्यांपर्यंत पानांत बुडाले. ओटीच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. तुळशीवृंदावन अर्धं गाडलं गेलं होतं. म्हणून भिंतीला टेकवलेला खराटा सहज उचलला, तर माहेरवाशिणीचं हे असं स्वागत.

"आबा, मी प्रमिला. चोर नाही," मी म्हटलं.

"दिसतंय मला. खराटा ठेव नि वर ये. पाय जपून टाक, पातेऱ्यात जनावर असंल."

संध्याकाळी सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून आमच्याकडे त्याला जनावर म्हणतात. घरापुढच्या अंगणाला खळं म्हणतात आणि झाडांखाली साचणाऱ्या सुक्या पानांना पातेरा. आमचं खळं गावात नावाजलेलं. आबा एसटीत ड्रायव्हर होते. ड्युटी नसेल त्या दिवशी सकाळी उठले की आधी खळं झाडायचे, मग चहा. आई चेष्टेने म्हणायची, "फणसाचं पान पडायच्या आधीच हे खाली हात धरतील." त्याच माणसाच्या खळ्यात फणसाची, काजूची, मागच्या सागाची पानं थरावर थर बसली होती आणि ते ओटीवर मांडी घालून त्यांच्याकडे बघत बसले होते.

मला आईने मुद्दाम बोलावून घेतलं होतं. फोनवर म्हणाली, "शिमगा आला. परवा देवीची पालखी आपल्या वाडीत यायची हाय. खळ्याची दशा बघ येऊन. माझं ऐकत नाहीत, तुझं तरी ऐकतील." माझं कोणी ऐकतं हा आईचा जुना गैरसमज. पण शिवणाचे क्लास दोन दिवस बंद ठेवून मी आले.

स्वयंपाकघरात आई खोबरं किसत होती. निम्मी झाली होती वाळून. मला बघून उठली, माझ्या गालांवरून हात फिरवला आणि पुन्हा खाली बसून किसायला लागली.

"झालंय काय त्यांना?" मी विचारलं.

"कंबर धरलीय म्हणतात."

"मग धाकूदादाला सांग. तो झाडून देईल. आणि शेताची जमीन भाजायला पातेरा त्याला हवाच असणार, भाजावळीला."

"सांगितलं. तो दोनदा पाट्या घेऊन आला. दोन्ही वेळा ह्यांनी परत लावला." आईने खोबऱ्याची वाटी बाजूला सारली. "पमे, काय वाट्टेल ते कर, पण पालखीच्या आधी खळं मोकळं कर. देवी आपल्या खळ्यात बसली पाहिजे. मला तिला विचारायचं हाय. पदर पसरून विचारायचं हाय, माझं पोर कुठं हाय ते."

तिचं पोर म्हणजे उमेश, माझा धाकटा भाऊ. दिवाळी आटोपली तसा तो मच्छीमार बोटीवर इंजिन बघायच्या कामाला गेला. मालकाला घाई होती, बंदरावर पोचला त्याच दिवशी बोट सुटली. आणि समुद्रात वादळ झालं. बाकीच्या बोटी कशाबशा परत आल्या, त्याची आली नाही. पुढे दक्षिणेकडे कुठल्याशा किनाऱ्याला तिच्या फळ्या लागल्या. माणूस एकही लागला नाही. पोलीस झाले, अर्ज झाले. भटजींनी एकदा चाचरत सुचवलं की देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून विधी करता येतो. आबांनी त्यांना पुढचं वाक्य बोलू दिलं नाही, हाताला धरून गडग्याबाहेर नेऊन सोडलं. तेव्हापासून आमच्या घरात उमेशबद्दल "अजून पत्ता नाही" एवढंच बोलत. मीसुद्धा तेवढंच बोलायची. मनात काय होतं ते मनात.

दिवेलागणीच्या आधी धाकूदादा भुवड आला. शेजारचा, आणि पालखीच्या मानकऱ्यांपैकी एक. गडग्याबाहेरच उभा राहिला.

"कधी आलीस गो बाय?" त्याने मला विचारलं आणि मग आबांकडे वळून हात जोडले. "आबा, परवा सकाळी पालखी वरच्या वाडीतून खाली येईल. तुमच्या खळ्यात पयली बसवायची, दरवर्षासारखी. तेवढं खळं—"

"यंदा नको," आबा म्हणाले.

"काय नको?"

"पालखी नको. पुढं घेऊन जा."

आतून आई दारात आली. तिच्या हातात पिठाचा गोळा होता तो तसाच. ज्या माणसाने रजा मिळवण्यासाठी डेपो मॅनेजरशी भांडण काढून दरवर्षी पालखीला खांदा दिला, तो म्हणतो पालखी नको! धाकूदादाने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"आबा, देवीला नको म्हणतात काय?"

"माझी कंबर दुखतेय. खळं झाडायला होत नाय मला."

"मी झाडतो की."

"माझं खळं मी झाडीन. मला जमंल तेव्हा."

धाकूदादा माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला खुणेनेच सांगितलं, जा, उद्या बघू. तो गेल्यावर आई पुन्हा चुलीपाशी बसली. भाकऱ्या थापताना तिचा हात नेहमीपेक्षा जोरात पडत होता.

आबांची कंबर खरोखरच जुनी दुखणेकरी होती. घाटातल्या गाड्या चालवून चालवून तिचं वाटोळं झालं होतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत पट्टा बांधून स्टिअरिंगवर बसायचे. त्यामुळे कसं वाकायचं, कसं उचलायचं, हे त्यांना डॉक्टरपेक्षा बरं माहीत. म्हणून मीही मनात म्हटलं, म्हातारपण आलं, दुखत असेल, आणि दुसऱ्याने झाडलेलं ह्यांना आवडत नाही. हट्टी माणूस. मी काही कमी हट्टी नाही, उद्या बघते.

सकाळी तोंड धुवायला मागच्या दारी गेले तर आबा विहिरीवरून येत होते. एक भरलेली घागर खांद्यावर, एक हातात. चढण होती, पण पाऊल कुठे अडखळत नव्हतं. मला बघून थबकले. मग गुडघ्यांत वाकून, पाठ ताठ ठेवून दोन्ही घागरी अलगद खाली ठेवल्या. पाण्याचा थेंब सांडला नाही.

"कंबर बरी दिसते," मी म्हटलं.

"हाय थोडी थोडी."

"आबा, थोडी थोडी कंबर दोन घागरी उचलत नाही. मला फसवू नका. काय चाललंय? आई तिकडे देवीची ओटी भरायला खण काढून बसली आहे. आणि तुम्ही—"

"उमेशचा फोन आला काय?" त्यांनी मधेच विचारलं.

मला वाटलं, काही बातमी आहे. "कधी? कुणी सांगितलं?"

"तसं नाय गो. मी विचारतोय. पोचलो म्हणून त्याचा फोन आला काय? तुला? तुझ्या आईला? मला?"

"नाही."

"मग मी केर कसा काढू?"

घरातून कोणी प्रवासाला निघालं की त्याच्या पाठोपाठ केर काढायचा नाही, हे कुठल्याही मराठी घरात सांगावं लागत नाही. मढं उचललं म्हणजे मागे केर काढतात. जिवंत माणसामागे नाही. आमच्याकडे हे जरा जास्तच. बाप ड्रायव्हर, रोज बाहेर पडणारा, तोही घाटात. आबा पहिल्या गाडीने कोल्हापूरला निघाले की ते पोचल्याचा निरोप उलट्या गाडीच्या ड्रायव्हरकडून येईपर्यंत आजी केरसुणीला हात लावू द्यायची नाही. मी आणि उमेश हसायचो. शाळेतून येऊन विचारायचो, "आज कचऱ्याला सुट्टी का?" आबाही तेव्हा हसायचे. आईने पुढे घरातला केर उंबऱ्याबाहेर न काढता कोपऱ्यात लोटून ठेवायची सोय करून घेतली होती, पण खळं आबांचं. त्यात कोणी पडत नसे. आणि आता त्या खळ्यात दिवाळीपासूनचा सगळा पातेरा जसाच्या तसा पडून होता.

"आबा," मी शक्य तितक्या हळू म्हटलं, "तो बंदरावर पोचला होता. मालकाने सांगितलं ना? पोचला, बोटीत चढला—"

"मालकानं सांगितलं. त्यानं नाय सांगितलं. जाताना मला ओटीच्या पायरीवर म्हणाला, आबा, पोचलो की फोन करतो, मग खुशाल झाडा तुमचं खळं." त्यांनी घागरी पुन्हा उचलल्या. "मी वाट बघतोय. माझी काय घाई नाय."

ते पाणी घेऊन घराच्या कडेच्या न्हाणीत गेले. मी तिथेच उभी राहिले. आईला पोर परत हवं म्हणून खळं झाडायला हवं होतं. आबांना पोर परत हवं म्हणून झाडायचं नव्हतं. एकाच घरात, एकाच ताटातलं जेवणारी ही दोन माणसं, आणि एकमेकांना हे बोलत नव्हती. मला इतका राग आला की काय सांगू. आबांचा, आईचा, त्या मालकाचा, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त उमेशचा. तुला नोकरी काय समुद्रातच मिळायची होती रे?

मी पुढच्या खळ्यात आले, पदर खोचला आणि खराटा उचलला.

"प्रमिला, ठेव तो," आबा न्हाणीच्या दारातून म्हणाले.

"नाही ठेवत. पालखी आली पाहिजे. आईला विचारू दे काय विचारायचं ते. तुमचा फोन यायचा तेव्हा येईल."

"ठेव सांगतो ना!"

मी ऐकलं नाही. रागाने झाडण्याला काम करणं म्हणत नाहीत. मी कमरेत वाकून, खराटा बुंध्याशी धरून, सपासप ओढत सुटले. वारा समोरून होता, दोन हात ओढलं की एक हात परत येत होतं. नाकातोंडात धूळ गेली. खालचा थर ओला, कुजलेला, जड. तो खराट्याने निघेना म्हणून हातांनी ओरबाडून पाटीत भरला, काठोकाठ. आबा ओटीच्या कडेला येऊन उभे होते. मला थांबवायला खाली उतरत नव्हते आणि आतही जात नव्हते. त्यांच्याकडे न बघता मी ती पाटी जमिनीवरून तशीच हिसडून उचलली आणि गडग्याकडे वळले.

कमरेत कोणीतरी सुरा खुपसावा तसं झालं. पाटी हातातून पडली. मी ओरडले बहुतेक. वाकलेली ती वाकलेलीच राहिले, सरळ होता येईना की बसता येईना.

आबा पातेरा तुडवत धावत आले. त्यांनी मला दोन्ही खांद्यांना धरलं.

"अगो येडे! असं वाकतात काय? असं उचलतात काय? शिलाई मशीनवर बसून कंबर गेलेली तुझी, नि भरलेली पाटी घेऊन गर्रकन वळतेस?" त्यांचा आवाज चढत गेला. "एक पोर गेलं माझं. आता दुसरं आडवं पाडू काय मी?"

आई दारात आली होती. तिनेही ते ऐकलं.

गेलं. हा शब्द आमच्या घरात इतक्या दिवसांत कोणी उच्चारला नव्हता. मी वाकलेली होते, मला आबांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त त्यांचे पाय दिसत होते. मग ते हळूच म्हणाले, "गुडघे वाकव. माझ्यावर भार टाक. घाई करू नको."

त्यांनी मला ओटीवर आणून कुशीवर निजवलं. आई मिठाची पुरचुंडी गरम करून घेऊन आली आणि माझी कंबर शेकायला बसली. दोघं एकमेकांकडे बघत नव्हती. आबा खाली उतरले. खराटा उचलला, मागून वेळूची काठी आणली, सुंभाने खराट्याला घट्ट बांधून दांडा छातीएवढा लांब केला.

"इकडं बघ," ते मला म्हणाले. "नीट बघून ठेव. आधी वारा कुठला ते बघायचं. वाऱ्याच्या पाठीनं जायचं, तोंडावर नाय. दांडा लांब हवा, म्हणजे वाकायला लागत नाय. एक पाय पुढं, एक मागं. वळायचं असलं तर कमरेतनं वळायचं नाय. बस वळवताना अर्धीच वळवतो काय आपण? सगळी वळवायची. पाय उचलून अख्खं वळ."

ते झाडू लागले. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकला. सावकाश, एका लयीत, हात बदलत. एक मोठा ढीग करत नव्हते, छोटे छोटे करत जात होते. ओला थर दाताळ्याने सोलून काढत. मग गोणपाट जमिनीवर पसरून ढीग त्यावर लोटायचे आणि ते गोणपाट ओढत गडग्याबाहेर न्यायचे.

"पाटी भरायची नायच," मधेच थांबून म्हणाले. "भरलीच तर अर्धी. नि उचलायची गुडघ्यांनी, पोटाजवळ धरून. चार खेपा जास्त झाल्या तर होऊ देत. काम आपल्याला सोडून जात नाय कुठं."

मी "हो" म्हणत होते. आई शेकता शेकता पुटपुटली, "देवीनंच बुद्धी दिली. उद्या पालखी बसंल. खण कोरा हाय, नारळ हाय." तिच्या आवाजात किती दिवसांनी जीव आला होता. मलाही बरं वाटलं. कंबर ठणकत होती, तरी बरं वाटलं.

तुळस मोकळी झाली. पायऱ्या दिसायला लागल्या. खालची लाल माती उघडी पडली, ठिकठिकाणी ओली. निम्म्याहून अधिक खळं झालं असेल, तेव्हा आबा थांबले. खराटा तुळशीला टेकवला, पाय धुतले आणि वर आले. मला वाटलं पाणी प्यायला आले.

ते घरात गेले ते पडवीत. पडवीत उमेशची खाट होती, गोधडी घडी करून ठेवलेली. आबांनी खाट उचलून बाजूला केली. कोपऱ्यातली केरसुणी घेतली. आणि जिथे उमेश निजायचा तिथून, भिंतीच्या अगदी कडेपासून, झाडायला सुरुवात केली.

माझ्या पाठीवरचा आईचा हात थांबला.

खळं झाडायला घरातून सुरुवात करत नाहीत. घरातून, माणसाच्या जागेपासून, उंबऱ्यापर्यंत आणि उंबऱ्यावरून थेट हद्दीबाहेर केर नेतात तो एकाच दिवशी. आजी गेली त्या दिवशी आईने तसा नेला होता. आबा केर लोटत माजघरात आले, माजघरातून ओटीवर. आमच्या शेजारून गेले. केरसुणीने तो पायऱ्यांवरून खाली काढला, खाली खराटा घेतला, आणि स्वच्छ झालेल्या मातीवरून तो मूठभर केर एकसारखा पुढे नेत राहिले. एकदाही मागे बघितलं नाही.

आईने पुरचुंडी माझ्या कमरेवर तशीच ठेवली. उठली. मला वाटलं ती ओरडेल, त्यांना अडवेल, त्यांच्या हातातला खराटा हिसकावून घेईल. मला उठता येत नव्हतं. ती मागच्या दाराने न्हाणीत गेली. थोड्या वेळाने चुलीत लाकडं सारल्याचा आवाज आला, मग हंड्यात पाणी ओतल्याचा. आबांनी सकाळी आणलेल्या दोन्ही घागरी तिने त्यात रित्या केल्या.

धाकूदादा रिकाम्या पाट्या घेऊन गडग्याशी आला, तेव्हा आबा शेवटचा पातेरा बाहेर लोटत होते. लख्ख खळं बघून त्याचा चेहरा फुलला.

"आबा, झ्याक काम झालं बगा! मी बाकीच्यांना सांगून येतो. उद्या सकाळी पयली तुमच्याच खळ्यात बसवू. वैनींना म्हणावं, ओटी तयार ठेवा."

आबांनी खराटा गडग्याबाहेरच टाकला. आत आणला नाही.

"धाकू, पातेरा ने सगळा. भाजावळीला होईल," ते म्हणाले. "नि पालखी पुढं घेऊन जा. आमच्या घरात सुतक हाय."

धाकूदादाच्या हातातल्या पाट्या खाली गेल्या. त्याने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

न्हाणीच्या दारातून आईने हाक मारली. रडत नव्हती. आवाज नेहमीचाच, जेवायला बोलावताना असायचा तसा.

"अहो, पाणी तापलंय. डोक्यावरून घ्या. मग मी घेते, मग पमीला घालते."

आबा खळं ओलांडून न्हाणीत गेले. दार लागलं, तांब्याचा आवाज झाला, अंगावर पाणी पडल्याचा आवाज झाला, आणि मग आतून ते मोठ्याने रडायला लागले. आई दाराबाहेर भिंतीला धरून उभी राहिली. मला आडवं पडल्या पडल्या तिची पाठ दिसत होती. मी उठून तिच्याजवळ जायला बघितलं, पण कंबर हलू देईना.